चाकांवरचं घर आणि काळी माती

मुलांनो, एस.टी. तुम्ही पाहिली आहे, ट्रक पाहिला आहे, उसाने भरलेली ट्रॉलीही पाहिली आहे. पण चाकांवर बसून गावोगाव फिरणारं घर पाहिलंय का? आणि त्या घराच्या पोटातून टेबलाच्या ड्रॉवरसारखी एक अख्खी खोली बाहेर येते, असं कुणी सांगितलं तर खरं वाटेल का? मलाही वाटलं नसतं. पण मागच्या पावसाळ्यात असं एक घर आमच्या कुरुंद्याला आलं आणि अडकून बसलं. ते कसं अडकलं आणि कुणी सोडवलं, ते आज सांगतो. त्यात एक चूक माझीही होती. तीही सांगणार आहे, लपवणार नाही!

आधी आमच्या गावाची ओळख करून देतो. कुरुंदा हे वसमत तालुक्यातलं मोठं गाव. जिल्हा हिंगोली. तुमच्या आजोबांच्या जुन्या कागदांवर मात्र जिल्हा परभणी दिसेल, कारण हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. मी काही या गावचा नाही. डी.एड. झालो, नोकरी लागली आणि इथल्या शाळेत आलो. आता गावच माझं झालं आहे.

गावाजवळ टोकाईचा गड आहे. गड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बुरूज आणि तोफा आल्या असतील! पण हा किल्ला नाही, टेकडी आहे. वर टोकाई देवीचं मंदिर आहे. इथल्या साखर कारखान्यालाही टोकाईचंच नाव दिलं आहे. पावसाळ्यात गडावर उभं राहून खाली पाहिलं, की कुठे हळदीची कोवळी पानं, कुठे ऊस, कुठे सोयाबीन आणि या सगळ्यांच्या खाली काळीभोर जमीन दिसते.

ही काळी जमीन नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत तीच मुख्य आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थंड होऊन आपल्या दख्खनचा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. तो झिजून झिजून ही माती बनली. तिच्यात चिकणमाती फार. ही माती पाणी पिते आणि फुगते. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. भेगा एवढ्या मोठ्या, की आमच्या मुलांचे चेंडू त्यात अडकतात! तीच जमीन पाऊस पडला की लोण्यासारखी मऊ होते. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी वाटते. गाडीवाल्याला मात्र ती रडवते.

आता पाहुण्यांकडे वळू या. एका शनिवारी संध्याकाळी गावात एक छोटा ट्रक आला. मागे सामानाच्या हौद्याऐवजी पांढरी खोली. तिला खिडक्या, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे! पाच मिनिटांत गाडीभोवती अर्धी शाळा जमा झाली. गाडीतून उतरली ती आमच्याच गावची लेक. लग्न होऊन पुण्याला गेलेली. गावची लेक म्हणजे सगळ्या मुलांची आत्या आणि आत्याचा नवरा म्हणजे मामा. त्यामुळे गाडीवाले पाहुणे क्षणात सगळ्यांचे मामा झाले. सोबत त्यांच्या आई, म्हणजे आजी होत्या. आधी माहेर, मग औंढ्याचा नागनाथ, मग संत नामदेवांचं नर्सी, असा त्यांचा बेत होता.

मामा पुण्यात गाड्यांच्या बॉडी बांधण्याचं काम करतात. आजींचे गुडघे दुखतात, त्यांना जिथेतिथे लॉजच्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून त्यांनी एक जुना ट्रक घेतला, आरटीओची रीतसर परवानगी काढली आणि त्यावर हे घर बांधलं.

मामांनी एक बटण दाबलं. घर्रर्र... असा आवाज आला आणि गाडीची डावी भिंत हळूहळू बाहेर सरकू लागली! एका मिनिटात अडीच-तीन फूट बाहेर आली. आत आजींचा पलंग.

"आई गं! गाडीला पिल्लू झालं!" एक मुलगी ओरडली. सगळे हसले.

मी विचारलं, "पण मामा, खोली आधीच मोठी बांधायची ना. ही आत-बाहेरची कटकट कशाला?"

"सर, रस्त्यावरच्या गाडीची रुंदी कायद्याने ठरलेली असते. आपल्याकडे २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. घर त्याहून रुंद केलं तर समोरून येणारी एस.टी. जाणार कुठून? म्हणून चालताना अरुंद आणि थांबल्यावर रुंद."

सोपं आहे की नाही? अमेरिकेत लोक अशा गाड्यांतून महिनोन्‌महिने फिरतात. तिथे १९९० नंतर अशा सरकत्या खोल्यांची पद्धत फार वाढली. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली चाकांवरच्या घरांतून पर्यटन करण्यासाठी खास धोरण आणलं. म्हणजे अशी घरं आपल्याकडेही दिसू लागणार.

गर्दीत आमच्या सहावीतला एक मुलगा होता, जवळच्या तांड्यावरचा. तो हळूच म्हणाला, "सर, आमचं घर बी दिवाळीनंतर गाडीवर जातंय की."

मी गप्प झालो. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. मराठवाड्यातून दरवर्षी कितीतरी कुटुंबं अशी जातात. भांडीकुंडी, पांघरुणं, शेळी, कोंबड्या, लहान भावंडं, सगळं ट्रॉलीवर चढवून. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. कारखान्याजवळच्या माळावर पाचटाची कोपी बांधायची आणि ऊस संपेपर्यंत तिथेच राहायचं. त्यांचं घरही चाकांवरून जातं, पण ते हौसेने नाही. माझ्या हजेरीपटात या मुलाच्या नावापुढे वर्षातले चार-पाच महिने नुसती फुली असते. परत येतो तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, म्हणून तो मागच्या बाकावर बसतो आणि फारसं बोलत नाही.

गाडी रात्री कुठे उभी करायची, हा प्रश्न आला. गल्ल्या अरुंद. मी म्हणालो, "ओढ्याकडच्या मोकळ्या जागेत लावा. गार वारा लागेल." जमीन वरून कडक दिसत होती. शेजारी एक म्हातारे आबा बसले होते. ते म्हणाले, "सर, काळीवर गाडी उभी करू नका. तिकडं मुरमावर लावा."

"एका रात्रीचाच तर प्रश्न आहे, आबा!" मी म्हणालो.

हीच माझी चूक. आबांचं सगळं आयुष्य या मातीत गेलेलं आणि मी काल-परवा आलेला. पण ऐकलं कुणी?

रात्री पाऊस आला. चांगला दोन-तीन तास धो धो पडला.

सकाळी रविवार होता. मी चहा घेत होतो, तेवढ्यात चार-पाच मुलं पळत आली. "सर, चला लवकर! मामाची खोली आत जाईना झाली!"

जाऊन पाहतो तर गाडीचं मागचं डावं चाक चिखलात चांगलं रुतलेलं. गाडी डावीकडे कललेली. पश्चिमेकडून आभाळ काळंकुट्ट भरून आलेलं. ओढ्याचं पाणी वाढत होतं. मुलांनो, २०२२ च्या जुलैमध्ये आमच्या गावात पुराचं पाणी लोकांच्या घरांत शिरलं होतं. धान्य भिजलं, संसार वाहून गेले. तेव्हापासून आभाळ असं भरून आलं, की गावातल्या माणसांच्या गप्पा बंद होतात. सगळे एकदा ओढ्याकडे पाहतात, एकदा आभाळाकडे.

आणि गाडी तर तिथून हलवता येत नव्हती! कारण खोली बाहेर असताना गाडी चालवायची नसते. तोल जातो, खोलीचा सांगाडा मोडतो आणि गल्लीत तर ती शिरणारच नाही.

मामांनी बटण दाबलं. टक्! एवढाच आवाज. परत दाबलं. टक्!

मामा घाबरले नाहीत. ते म्हणाले, "आधी आवाज ऐकायचा. यंत्र बोलतं. काहीच आवाज नसेल तर वीज पोचतच नाही. फ्यूज उडालाय का, तार सुटलीय का, हँडब्रेक ओढलाय का, ते बघायचं. काही गाड्यांत हँडब्रेक ओढल्याशिवाय खोली हलतच नाही. मोटर नुसती फिरतेय आणि खोली ढिम्म, असं असेल तर दाते निसटलेत किंवा खीळ तुटलीय. आणि नुसतं टक् वाजलं, तर वीज येतेय, पण तिच्यात जोर नाही."

त्यांनी मीटर काढला आणि बॅटरीला लावला. मीटरवर आकडा आला ११.८. आमच्या मुलांना वाटलं, बारा व्होल्टची बॅटरी, म्हणजे जवळजवळ भरलेलीच आहे की! पण तसं नसतं बरं का. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असली, की साधारण १२.६ ते १२.७ दाखवते. १२ च्या आसपास आली म्हणजे बरीचशी रिकामी झाली असं समजायचं. उकाड्यामुळे रात्रभर पंखे चालू होते, ते या बॅटरीवर. मामांनी कुणाला तरी बटण दाबायला सांगितलं, तेव्हा आकडा एकदम दहाच्याही खाली घसरला. दमलेला माणूस बसल्या जागी बरा दिसतो, पण पोतं उचलायला सांगितलं की मटकन बसतो. तसंच ते.

"उपाय सोपा आहे," म्हणत मामांनी ट्रकचं इंजिन चालू केलं. इंजिन चालू असलं की बॅटरीला वीज मिळत राहते. थोडा वेळ जाऊ दिला. मग आजींना म्हणाले, "आई, तू खाली उतर."

"आरं, मी काय गव्हाचं पोतं हाय का? राहू दे मला पलंगावर!" आतून आजी म्हणाल्या.

"नाही आई. खोली हलताना आत माणूस नको आणि बाहेर फटीजवळ तर मुळीच नको." दोघांनी धरून आजींना उतरवलं, खुर्ची दिली. मुलांना दहा पावलं मागे उभं केलं.

बटण दाबलं. घर्रर्र! आम्ही टाळ्या वाजवल्या. खोली वीतभर आत गेली. पुढची बाजू आणखी आत गेली, पण मागची बाजू थांबली. खोली तिरकी झाली. कर्र्र असा आवाज आला आणि मामांनी लगेच बटण सोडलं.

आता माझी दुसरी चूक ऐका. पाऊस येतोय, ओढा वाढतोय आणि गाडी तिथे लावायला मीच सांगितलेलं. माझा धीर सुटला. मी चार तरण्या पोरांना म्हणालो, "लावा रे जोर! ढकला आत!" पोरांनी खांदे लावले. हैय्या!

खोली एक बोटही आत गेली नाही. उलट आणखी तिरकी झाली, कडेची रबराची पट्टी दुमडली आणि कोपरा गच्च बसला.

"थांबा! सोडा सगळे!" मामा ओरडले. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "सर, अडकलेल्या वस्तूला जोर लावला की ती जास्त अडकते. आधी का अडकलीय ते बघू."

मला चाळीस पोरांसमोर मान खाली घालावी लागली. पण खरं सांगतो, वर्गात मी हेच वाक्य गणिताबद्दल शंभर वेळा म्हटलं असेल!

मामांनी पत्र्याच्या तुकड्यावर खडूने चित्र काढून दाखवलं. खोलीच्या खाली दोन लांब दातेरी पट्ट्या आहेत, एक पुढे आणि एक मागे. प्रत्येकीखाली एक दातेरी चाक. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसवलेली आणि दांडा मोटर फिरवते. दांडा फिरला की दोन्ही पट्ट्या सारख्याच सरकायला हव्यात. पण एका बाजूला अडथळा आला, तर ती बाजू मागे राहते आणि खोली चौकटीत तिरकी होऊन रुतते.

मामांनी मोबाइलची बॅटरी लावून दोन्ही पट्ट्या तपासल्या. खडा नाही, काडी नाही, काही नाही. मग अडलं कशाने?

तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या टेबलाचा ड्रॉवर असाच अडकतोय."

खरंच की! माझ्या टेबलाचा ड्रॉवर रोज अडकतो. टेबलाच्या एका पायाखालची फरशी खचली आहे, त्यामुळे टेबल डगमगतं, चौकट वाकडी होते आणि ड्रॉवर धरून बसतो.

"मग तुम्ही तो कसा काढता?" मामांनी विचारलं.

"सर नुसतं वढत बसतेत," ती म्हणाली. सगळे हसले. "आम्ही आधी पायाखाली पुठ्ठा सारतो. मग ड्रॉवर जरा उलटा आत ढकलून सरळ करतो. मग दोन्ही कडांला हात लावून वढतो. येतोय लगेच."

मामा तिच्याकडे पाहतच राहिले. "सर, झालं की काम! गाडीच्या पायाखाली पुठ्ठा सारायचा राहिलाय!"

आलं का लक्षात? खोली डावीकडे बाहेर काढली, तेव्हा तिचं वजनही डावीकडे गेलं. तुम्ही एका हातात पाण्याने भरलेली बादली घेतली की त्या बाजूला कसे झुकता, तसं. डाव्या चाकावर भार वाढला. खालची माती रात्रभर पाणी पिऊन मऊ झाली. चाक रुतलं. एकच कोपरा खाली गेल्यामुळे गाडीच्या सांगाड्याला पीळ बसला आणि खोलीची चौकट वाकडी झाली. शिवाय आता खोलीला आत जाताना चढ चढावा लागत होता. बिघाड खोलीत नव्हताच, तो चाकाखालच्या मातीत होता!

गाडी किती कललीय ते मोजायला गावातले गवंडीमामा आले. त्यांच्याकडे पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी असते. नळीची दोन टोकं वर धरली, की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीवर थांबतं. मग टोकं कितीही लांब असोत. एक टोक गाडीच्या उजव्या बाजूला, एक डाव्या. डावी बाजू चार बोटं खाली भरली.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. मामांनी जॅक काढला आणि मागच्या आसाखाली ठेवायला वाकले. एवढ्यात मागून आवाज आला.

"मामा, तसा नका लावू. जॅकच खाली जाईल."

तो तांड्यावरचा मुलगा होता. मी त्याला इतक्या लोकांसमोर बोलताना पहिल्यांदाच पाहिलं.

"आमच्या ट्रॉलीचा जॅक असाच मातीत गेलता. काळ्या रानात फळी टाकावी लागते खाली. रुंद. एकावर एक दोन. अन् चाक उचललं की खाली मुरूम भरायचा, वरून तुऱ्हाट्या. मग चाक घसरत नाही."

मामांनी जॅक खाली ठेवला आणि म्हणाले, "तू सांग, आम्ही करतो."

मग काय, कामाला एकदम रंग चढला! गवंडीमामांनी सेंट्रिंगच्या जाड फळ्या आणल्या. मोठी मुलं घमेल्यांनी रस्त्याकडेचा मुरूम आणू लागली. कुणी घरून तुऱ्हाट्यांची मोळी आणली. तो मुलगा मध्ये उभा राहून सांगत होता, "हितं अजून टाका. ती फळी आडवी लावा."

फळीने काय होतं, हे तुम्हाला विज्ञानाच्या तासाला कळेलच, पण आत्ताच सांगतो. जॅकचा तळ तळहाताएवढा. गाडीचा सगळा भार तेवढ्याच जागेवर पडला, तर जॅक मातीत सुरीसारखा घुसतो. त्याखाली दहापट मोठी फळी टाकली, की तोच भार दहापट जागेवर पसरतो आणि मातीवरचा दाब एक दशांश होतो. भार तेवढाच, पण माती तो सोसते. उंटाचे पाय पसरट का असतात, याचंही उत्तर यात आहे.

जॅक लावला. गाडी बोटा-बोटाने वर आली. गाडी जॅकवर असताना मामांनी कुणालाही खाली वाकू दिलं नाही. लांब फावड्याने मुरूम चाकाखाली सारला, तुऱ्हाट्या घातल्या, वर फळी सरकवली. मग जॅक उतरवला. गवंडीमामांनी पुन्हा नळी धरली. दोन्हीकडे पाणी सारखं!

टप... टप... पावसाचे थेंब सुरू झाले.

"आता बटण दाबा!" मी म्हणालो.

"नको, आता हाताने," मामा म्हणाले. "मोटरला कळत नाही की काहीतरी अडलंय. ती जोर लावतच राहते. हाताला मात्र लगेच कळतं."

मोटरला एक छोटी खिट्टी होती. तो तिचा ब्रेक. मामांनी ती सोडली, मोटरच्या टोकाला लांब दांड्याचा पाना बसवला आणि फिरवू लागले. आणि बरं का, त्यांनी खोली आधी आत नाही, बाहेर काढली! ड्रॉवरवालीने सांगितलं होतं ना, आधी उलटं ढकलून सरळ करायचं. दोन्ही बाजू शेवटपर्यंत बाहेर आल्यावर खोली सरळ झाली. दुमडलेलं रबर मामांनी हलकेच उलगडलं. मग पाना उलट्या दिशेला फिरू लागला.

मुलं वेढे मोजू लागली. "एक... दोन... तीन..." पाऊस वाढला. कुणी हललं नाही. आत्याने आजींच्या डोक्यावर छत्री धरली होती. मामा दमले, मग गवंडीमामांनी पाना धरला, मग मी. खरंच, हाताला कळत होतं! खोली कुठे हलकी चालतेय आणि कुठे जड, ते पान्यातून समजत होतं. मघाशी खांद्याने ढकलताना यातलं काहीच कळलं नव्हतं.

वेढे मोजता मोजता मुलांचे आकडे चुकले, पुन्हा सुरुवात झाली आणि शेवटी ठप् असा आवाज आला. खोली चौकटीत बसली होती. केवढी ओरड झाली! मामांनी मोटरची खिट्टी आठवणीने परत लावली. ती विसरली, तर वळणावर खोली आपोआप बाहेर येऊ शकते.

मग एक ट्रॅक्टर आला, दोर लागला आणि फळ्या-तुऱ्हाट्यांवरून गाडी सावकाश निघून मुरमावर येऊन थांबली. तिथेच आबा बसले होते. ते मला काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "आबा, चुकलं माझं."

"माती दिसती तशी नसती, सर," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी ओढा भरला. गाडी रात्रभर उभी होती, त्या जागी गुडघाभर पाणी आलं. आम्ही बराच वेळ काठावर उभे राहून पाहत होतो. दोन फळ्या तिथेच राहिल्या होत्या. पाण्याने त्या उचलल्या आणि नेल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर मामा औंढ्याकडे निघाले. जाताना त्यांनी त्या दोघा मुलांना ड्रायव्हरच्या शेजारी बसवून गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत नेलं. आजींनी दोघांच्या हातावर खाऊ ठेवला.

सोमवारी मी वर्गात एक बदल केला. 'दाब' हा भाग मी शिकवला नाही. फळ्यापाशी त्या तांड्यावरच्या मुलाला उभं केलं आणि म्हणालो, "तू सांग." तो आधी लाजला. मग त्याने ट्रॉली काढली, चाक काढलं, काळी माती काढली आणि असं समजावून सांगितलं, की मागच्या बाकावरच्यांनाही कळलं. मला वाटायचं, ते चार-पाच महिने तो काहीच शिकत नाही. तो शिकत होता. मीच कधी विचारलं नव्हतं.

तरीही, मुलांनो, त्याची शाळा बुडते हे काही बरं नव्हे. दिवाळीनंतर तो पुन्हा गेला. जाताना यावेळी मी त्याला एक वही दिली आणि सांगितलं, "तिथे जे जे यंत्र अडकलेलं बघशील, ते का अडकलं आणि कसं सुटलं, ते यात लिही." तो म्हणाला, "सर, वही भरंल की!"

तुम्हीही असं करून पाहा. घरात एखादा ड्रॉवर, खिडकी किंवा दाराची कडी अडकली, तर लगेच हिसका देऊ नका. आधी आवाज ऐका. मग वाटेत काही आलंय का ते पाहा. मग चौकट सरळ आहे का ते पाहा. आणि तिच्या खालची जमीनही पाहा. विजेचं किंवा जड काही असेल, तर मोठ्यांना बोलवा. स्वतः हात घालू नका.

माझ्या टेबलाचा ड्रॉवर अजून तसाच आहे. मी एकदा सुताराला बोलवायला निघालो होतो. मुलांनीच बोलवू दिलं नाही. "राहू द्या सर," ती म्हणाली, "नव्या पोरांना शिकवायला लागतोय."